‘ये’ म्हणायचे राहिले

मी, श्रीपाद नरसिंह खांबेटे, वय ६४, निवृत्त सेक्शन ऑफिसर, राहणार सेक्टर ३७, नोएडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणीही भरीस न घालता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांचे सर्टिफिकेट सोबत जोडले आहे, कारण चिरंजीव उन्मेष यांना त्याची शंका आहे.

१. राहता फ्लॅट आणि बँकेत जे असेल ते उन्मेष व कन्या मैत्रेयी यांना निम्मे-निम्मे. भांडू नका.

२. टाइपरायटर मैत्रेयीला. तिने दारातून निघताना “चलो बाबा, जाते” म्हणणे मात्र सोडावे. आपल्यात “येते” म्हणतात आणि घरात राहणाऱ्याने “ये” म्हणायचे असते. दिल्लीत वाढलेल्या पोरांना हे शिकवायचे राहून गेले, तो दोष माझा.

३. ध्यानवर्गाच्या सूर्यकांतजींना काहीएक देऊ नये. डोळे मिटून बसायला त्यांनीच शिकवले, हे कबूल. पण ते सगळ्यांना मागच्या जन्मात नेतो म्हणतात. अहो, मागचा जन्म घेऊन मी काय करू? मला १९९२ चा मार्च हवा आहे. लक्ष्मीबाई नगरचे क्वार्टर, सकाळचे साडेआठ.

त्या सकाळी मी पत्नी चंद्रप्रभा हिच्याशी अबोला धरला होता. तिला न विचारता या फ्लॅटचा फॉर्म भरला, म्हणून ती आदल्या दिवशी मला बोलली होती. ऑफिसला निघताना ती नेहमीसारखी “येते हं” म्हणाली. मी पेपरामागून म्हणालो, “जा.” बस स्टॉपवरच तिचे हृदय बंद पडले.

४. माझे ध्यानाचे आसन उन्मेषने टाकून देऊ नये. त्यावर बसून मी तीनदा त्या सकाळपर्यंत पोचलो आहे. कुकरची शिट्टी होते, ती चपलेचा पट्टा लावते, “येते हं” म्हणते आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. उन्मेष म्हणतो, “बाबा, यार, ही नुसती आठवण आहे. असं मागे कोणी जातं का?”

असेलही. पण त्या दिवशी मी पेपरातून डोके वर काढलेच नव्हते. मग दारात थांबून माझ्याकडे बघणारा तिचा चेहरा मला आठवेल कुठून? थांबली होती रे ती. मला तिची फार आठवण येते. मृत्युपत्रात हे लिहीत नसतात, ठाऊक आहे.

५. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. जमेल तोवर रोज सकाळी बसणार आहे. एखाद्या दिवशी मी “ये” म्हणालो आणि ती संध्याकाळी घरी आली, तर वरील सर्व कलमे रद्द समजावीत. हा फ्लॅट मग घेतलेलाच नसेल. तिला तो नको होता.

सही: श्रीपाद न. खांबेटे

साक्षीदार, आमच्यादेखत सही झाली:
१. गुणवंत मोहरीर, शेजारी
२. इंदुमती सबनीस, लक्ष्मीबाई नगर

स्थळ: नोएडा
दिनांक: १४ नोव्हेंबर १९९९