दहापैकी आठ

बर्डी, नागपूर
गुरुवार, दुपार

प्रिय मयुरा,

बापाचं कुरियर पाहून घाबरू नको, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचं गुडघ्याचं दुखणं तेच आहे आणि मला बोलणंही तेच. चार दिवस तू माझा फोन उचलत नाहीस. उचलला असतास तरी मी जेवलीस का, पुण्यात हवा कशी आहे, एवढं विचारून ठेवून दिला असता. जे सांगायचं आहे ते फोनवर माझ्याच्यानं होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं की मी दोनदा लिहितो, तीनदा मिटवतो आणि तुला तिकडे नुसत्या मिटवल्याच्या खुणा दिसतात. कागदावर खोडलं तरी खाली काय होतं ते वाचता येतं. म्हणून कागद घेतला.

आईशी तू काल बोललीस ते मला कळलं. येत्या सोमवारी तुझ्या संपादक कामिनी मॅडमनी तुला समोर बसवून विचारायचं ठरवलं आहे, की 'कॉपर सिटी तीन' या गेमचं परीक्षण लिहिताना कंपनीकडून काही घेतलंस का, आणि तुझी नोकरी त्या उत्तरावर आहे, हेही कळलं. तुझ्या आईला गेम म्हणजे काय ते पंचवीस वर्षं माझ्या संसारात राहून नीट समजलेलं नाही, पण 'घेतलं का' हे तिला बरोबर समजलं. मला म्हणाली, तुमच्या धंद्याचा वारा लागला पोरीले, नाहीतर चांगली बँकेच्या परीक्षा देऊन राहिली होती. एरवी मी तिला एकाला दोन ऐकवतो, तुला माहीत आहे. या वेळी ताटातली भाकरी मोडत बसलो.

तू नोकरीला लागलीस तेव्हाचा तुझा नियम मी आजवर पाळला. बाजारात यायच्या आधी कुठल्याही गेमबद्दल मी तुला विचारायचं नाही, आणि दुकानात तू माझी पोरगी आहेस हे कोणाला सांगायचं नाही. तेव्हा मला थोडं लागलं होतं. लोक पोरगी कलेक्टर झाली की पेढे वाटतात, आणि इथे ज्या पोट्ट्यांना तुझं लिहिणं तोंडपाठ आहे त्यांच्यासमोर मी अनोळखी चेहरा करून उभा राहायचो. तू लिहितेसही नुसतं 'मयुरा एन.' म्हणून. आपल्या दुकानात तुला सगळे साउथची समजतात. एकदा तर आपला सौरव, तो बुटीबोरीच्या कापड गिरणीत शिफ्टला असतो आणि पगाराच्या आठवड्यात येतो तो, मलाच समजावून सांगत होता, की काका, थे मद्रासकडची पोरगी आहे, त्या लोकायचं डोकं लयच तेज असते. मी म्हटलं, असेल बा.

माझी रीत तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण सगळं तिथून बिघडलं. हिंगण्याला कारखान्यात होतो तेव्हा बेअरिंग जायच्या आदल्या दिवशीच मला मशीनचा आवाज बदललेला कळायचा. फोरमन आधी हसायचा, मग मलाच बोलवायला लागला. तेच दोन कान घेऊन मी बर्डीवर आलो, कॅसेटवाले व्हिडिओ गेम दुरुस्त केले, मग भाड्यानं दिले, मग विकायला लागलो. खेळता मला आजही येत नाही. नवा गेम आला की पहिल्या शनिवारी तो दुकानातल्या, टीव्हीला जोडायच्या सगळ्यात जुन्या गेमच्या मशीनवर लावायचा, कारण अर्ध्या नागपूरच्या घरी तेच मशीन आहे, आणि आपण रस्त्याकडे तोंड करून नुसतं ऐकत बसायचं. पोट्टे शिव्या देत हसत असले तर गेम चालणार. एकदम चूप झाले तर फारच चांगला. आणि रिमोट हातात असताना कोणाच्या भावाचं लग्न कुठं जुळलं ते बोलायला लागले, की तो गेम मी मागवत नाही. ही बैठक झाल्याशिवाय मी कोणाला 'घे' म्हटलेलं नाही. लोक माझ्याकडे त्यासाठीच येतात. नाहीतर आता घरबसल्या मोबाइलवर सगळंच मागवता येतं.

या वेळी बैठक झाली नाही. 'कॉपर सिटी तीन' शुक्रवारी येणार होता, आणि बुधवारी संध्याकाळी तुझं परीक्षण आलं. कंपनी तुम्हा लोकांना आधी गेम देते आणि अमुक वाजल्याशिवाय एक अक्षर छापायचं नाही अशी अट घालते, हे मला मार्तंड सरांनी सांगितलं. ते ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात, चाळिशी उलटली तरी गेम सुटला नाही आणि कोणत्याच परीक्षणावर त्यांचा विश्वास नाही. तर त्या संध्याकाळी सौरव मोबाइल नाचवत आला. मयुरा एन.नं आठ दिले, दहापैकी आठ, काका, थे कोणाले सहाच्या वर जात नाही. तू नियम घातलास म्हणून मी कधी काही बोललो नव्हतो, पण तुझ्या आकड्यावर माझं दुकान चालावं एवढी इच्छा होती मला. मी म्हटलं, मग कायची बैठक? ज्याला पाहिजे त्यानं नाव लिहून जा. जुन्या मशीनवर चालते ना, असं सौरवनं विचारलं. मी म्हटलं, आठ आहेत गा, अजून काय पाहिजे.

शनिवारी दुपारी गेमचा पहिला डबा परत आला, आणि मग येतच राहिले. जुन्या मशीनवर ते शहर उघडतच नव्हतं. माणूस चालता चालता थांबायचा, आवाज पुढे निघून जायचा आणि तोंड मागून हलायचं. मी मुद्दाम लावून पाहिला. पाठ करून बसलो होतो, आणि पाचव्या मिनिटाला मागून सौरवचा आवाज आला, की मार्तंड सर, तुमच्या त्या गल्लीत नळाले पाणी कधी येते? तेव्हाच मला कळलं. सगळ्यांचे डबे मी परत घेतले, पैसे दिले, कोणाशी वाद घातला नाही. पण ते माझ्यावर चिडलेच नाहीत, मयुरा. चिडले असते तर बरं झालं असतं. सौरव म्हणाला, तुमचा काय दोष काका, तुमालेही तिनंच बनवलं.

आणि मग सुरू झालं. मार्तंड सरांचं म्हणणं असं, की हे परीक्षणवाले सगळे आधीपासून विकलेलेच असतात. ज्याला गेम आधी पाहिजे तो कंपनीला नाराज कशाला करेल, पुढचा गेम मिळणार नाही ना. सौरवचं म्हणणं, बाकीचे असतील, मयुरा एन. तशी नव्हती. हे तो रागानं नाही बोलला. माणूस गेल्यावर बोलतात तसा बोलला. त्याला तुझं पहिलं परीक्षण कुठलं होतं तेही आठवत होतं. मी डबे लावत होतो, उगाच वरचे खाली आणि खालचे वर. मला वाटत होतं की वळावं आणि सांगावं, आणि त्याच वेळी वाटत होतं, काय सांगणार? घेतलं नाही हे मला माहीत आहे का? मला काहीच माहीत नव्हतं. विचारायचं नाही हा नियम होता, आणि नियमाच्या आड मीही बरा बसलो होतो.

मंगळवारी सरांनी तुझ्या परीक्षणाखाली आलेले अभिप्राय दुकानात मोठ्यानं वाचून दाखवले. शिव्यांमध्ये पाच अभिप्राय तुझ्या बाजूचे होते. लोकांनी शोधून काढलं होतं, की पाचही खाती आदल्या दुपारी, एका तासात उघडलेली, आणि त्यांनी दुसरं कुठेही एक अक्षर लिहिलेलं नाही. एक दिल्लीचा, एक चेन्नईचा, एक कोलकात्याचा, एक जयपूरचा, एक सिंगापूरचा. चेन्नईच्यानं लिहिलं होतं, की या मॅडम लहानपणापासून प्रामाणिक आहेत. दुकान हसून हसून लोळलं. सर म्हणाले, पाहा, कंपनीनं माणसं बसवली आणि त्यायले धड लिहिताही येत नाही. आता कोणाले शंका आहे का गा? सौरवला होती तेवढीही गेली. रात्रीपर्यंत ते पाच अभिप्राय सगळीकडे पसरले, आणि तुझ्या संपादकांना 'घेतलं का' हे विचारायला तोच पुरावा झाला, असं आईच्या बोलण्यावरून दिसतं.

काल मी तुझं परीक्षण पहिल्यांदा पूर्ण वाचलं. हो, पहिल्यांदा. इंग्रजी मी हळू वाचतो आणि आठ दिसल्यावर वाचायची गरज वाटली नव्हती. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ते वाक्य आहे. तुला गेम फक्त कॉम्प्युटरवर खेळायला मिळाला, जुन्या मशीनचा मागूनही दिला नाही, तेव्हा तिथे कसा चालेल ते तू सांगू शकत नाहीस, वाचकानं थांबावं. मी ते तीनदा वाचलं. आधी वाटलं, चला, माझी पोरगी खरी आहे. मग माझ्यातला दुकानदार जागा झाला. खपवायचा नाही तो माल मी मागच्या फळीवर ठेवतो, तसं ते वाक्य तू मागे का ठेवलंस? तू माझी कोण ते न सांगता सरांना विचारलं, तर म्हणाले, आकडा विकत घेणाऱ्यासाठी असते नागसेनभाऊ, मजकूर नंतर हात वर कराले. माझं डोकं चालेना. हे तू लबाडीनं केलं असं मला वाटत नाही, आणि अगदी निर्मळ मनानं केलं असंही म्हणवत नाही. कदाचित तुमच्याकडे तशीच पद्धत असेल. कदाचित ज्यांनी शेवटपर्यंत वाचलं नाही तेच आम्ही दोषी असू. काहून शेवटी लिहिलंस, एवढंच मला समजून घ्यायचं आहे. सोमवारच्या आधीच सांग असं नाही. कधीही सांग.

सोमवारच्या आधी तुला जे पाहिजे ते पुढे लिहितो. ते पाच अभिप्राय माझे आहेत. या सोमवारी दुपारी दुकान रिकामं होतं, आणि ज्यांचे डबे मी परत घेतले ते सगळे तुला काय काय म्हणत होते ते माझ्या कानातून जात नव्हतं. पहिला लिहिला तर तो शिव्यांमध्ये बुडून गेला, म्हणून दुसरा लिहिला, मग गावं बदलत गेलो, की एकाच माणसाचे वाटू नयेत. शेवटी चेन्नईच्याकडून लिहिताना मी चेन्नईचा आहे हेच विसरलो. कंपनीचा यात कोणी नाही. पाचही खाती कोणत्या फोन नंबरवरून उघडली ते मी मागच्या पानावर लिहिलं आहे, नंबर माझाच आहे, खाली सही आहे. कामिनी मॅडमना हे पत्र दाखव. एक अडचण आहे, ती मी काल रात्रभर उलटसुलट करून पाहिली आणि मला सुटली नाही: पत्र दाखवलंस तर तुझा बाप हेच गेम विकतो हे बाहेर येईल, आणि ते तू त्यांना आधी सांगितलं होतंस की नाही, मला ठाऊक नाही. लोक म्हणतील, पोरगी आकडा देते आणि बाप माल खपवतो. नाही दाखवलंस तर कंपनीनं विकत घेतली म्हणतील. दोन्हीतलं एकच खोटं आहे, म्हणून मी म्हणतो दाखव. आज सकाळी मी सौरवला आणि सरांना सगळं सांगून टाकलं, तू माझी पोरगी आहेस हेही. सर चष्मा पुसत बसले. सौरव म्हणाला, काका, मग तिनं आठ कशाचे दिले थे तरी विचारा. आता तो येईल की नाही माहीत नाही, बाकीचेही. त्याचा विचार तू करू नको. माझं नाव मी हिंगण्याहून निघाल्यावर शून्यातून उभं केलं होतं, पुन्हा करता येईल, मला त्याची सवय आहे. तुझं हे पहिलंच आहे. माझं नाव घे आणि तुझं वाचव.

तुझाच, न विचारता मध्ये पडलेला,
बाबा