हात न लावलेली मुळी

इनोसीदादा,

काल तुला माती दिली. मांडवात सगळे यांगोना पीत बसले होते. मी नेहमीसारखा बाहेर, लिंबाच्या पानांचा चहा घेऊन.

नव्या चर्चमध्ये गेलो तेव्हापासून मी तो मुळी कुटून केलेला नशेचा काढा सोडला, त्याला एकवीस वर्षं झाली. माझ्या मुलीच्या लग्नात तू चारचौघांत म्हणालास, "आमचे मास्तर आता पवित्र झालेत. आपल्या करवंटीची सावलीसुद्धा त्यांना बाधते!" सगळे हसले. त्यानंतर वर्षभर मी तुझी पायरी चढलो नाही.

मागच्या महिन्यात तू यांगोनाची मुळी घेऊन आलास, माझ्या चटईवर खाली मान घालून बसलास आणि ती पुढे ठेवलीस. आपल्या गावात माफी अशीच मागतात आणि मुळीला हात लावला की ती दिली असं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "दादा, हे माझ्या घरात नको."

"पी कोण म्हणतंय, मास्तर? नुसता हात लाव."

मी लावला नाही. मनातून तुला केव्हाच माफ केलं होतं, पण तेही बोललो नाही. तू मुळी वर्तमानपत्रात गुंडाळलीस आणि निघून गेलास.

आज वहिनीने तीच मुळी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "कुणाला कुटू दिली नाही त्यांनी. म्हणायचे, एरोनीची आहे, येईल तो."

मी दोन्ही हात लावले, दादा. रीतीप्रमाणे टाळीही वाजवली. वहिनी तोवर आत निघून गेली होती.

तुझा धाकटा,
एरोनी