एका सेलची बॅटरी व इतर स्थावर-जंगम मिळकत

मी, श्रीमती शीला गिरधर पाटील, वय ७० वर्षे, निवृत्त आरोग्यसेविका, राहणार म्हसावद, ता. शहादा, जि. नंदुरबार, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि शेजारी बसून कोणी मजकूर सुचवत नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. ती थोडी कमी असती तर घरातल्या एक-दोघांना बरे वाटले असते, हेही माझ्या स्मरणात आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे मी दिवाळीपासून थोडे थोडे लिहीत आले. हाताला कंप असल्यामुळे मागचे खोडत बसले नाही. जे बदलले ते शेवटच्या कलमात लिहिले आहे. तेव्हा सगळे वाचावे. अर्धे वाचून कपाट उघडायला जाऊ नये.

कलम १. माझे पती कै. गिरधर पाटील सन २०१९ मध्ये वारले. मला एकच मुलगा, कुंदन, पुण्यात नोकरीला आहे. सून काजल तिथेच शाळेत शिकवते. माझे धाकटे दीर नवल पाटील यांचे तळोद्याला विजेच्या सामानाचे दुकान होते. ते माझे वारस नाहीत. पण त्यांचे नाव आल्याशिवाय आमच्या घरातला कुठलाही कागद पुरा होत नाही, म्हणून इथेच लिहून मोकळी होते.

कलम २. शेत आधीच कुंदनच्या नावावर आहे. ते गावाच्या कुठल्या अंगाला आहे हे त्याला सातबाऱ्यावरून शोधता येईल. पोस्टातली व बँकेतली शिल्लक कुंदन व काजल यांनी निम्मी निम्मी घ्यावी.

कलम ३. म्हसावदचे राहते घर मी माझ्या पगारातून बांधले. ते मी काजलला देते, एकटीला. कुंदनला याचे नवल वाटेल. दोन वर्षांपूर्वी मी भरदुपारी अंगणात पाय घसरून पडले आणि खुबा मोडला. काजल बिनपगारी रजा टाकून चार महिने इथे राहिली, मला उठवले, बसवले, न्हाऊ घातले. कुंदनने पुण्याहून कुरिअरने एक दिवा पाठवला. रात्री चाहूल लागली की तो आपोआप लागतो. दुपारी पडलेल्या बाईला त्याचा काय उपयोग, असे मी फोनवर विचारले. तो म्हणाला, “आई, रेटिंग बघ ना त्याचं.” मी बघितले नाही, मी पाठीवर झोपलेली होते.

घर विकून तिथे फ्लॅट उभे करावेत अशी कुंदनची इच्छा आहे. त्याने ती बायकोला सांगावी.

कलम ४. माझ्या दोन पाटल्या काजलला. माझी पांढरी साडी, जी मी निवृत्तीच्या दिवशी नेसले होते, ती कोणालाही देऊ नये. तिची पोतेरी करावीत. सरकारी कापड पुसायला चांगले असते.

कलम ५. कपाटाच्या खालच्या खणात दोन सेलची एक मोठी, बंद पडलेली बॅटरी आहे. ती माझे दीर नवल पाटील यांना द्यावी, आणि तेराव्याच्या पंगतीत सर्वांसमक्ष द्यावी. कारण खालीलप्रमाणे.

सन २००८ साली माझी नेमणूक तळोद्याच्या वरच्या डोंगरातल्या एका उपकेंद्रात होती. सोबत धनुबाई, त्या भागातली जुनी सुईण. मला बॅटरी लागायची ती रात्रीसाठी नव्हे, हे खालच्या लोकांना समजावता समजावता मी थकले. डोंगरातल्या कुडाच्या घराला खिडकी नसते. बाहेर टळटळीत ऊन असले तरी आत इंजेक्शनची सुई दिसत नाही. कुंदनच्या वडिलांचा नियम असा, की विजेची वस्तू घ्यायची तर नवलच्या दुकानातूनच. म्हणून ही बॅटरी आली. तळहातावर तीन वेळा आपटली की ती लागायची. मी ती परत दाखवायला नेली तेव्हा नवलराव गल्ल्यावरून न उठता म्हणाले, “वहिनी, बॅटरी चांगली शे. तुमना हात हलका शे.”

भाद्रपदातल्या एका दुपारी उखा पावरा याची बायको बाळंत झाली. बाळ चांगले होते, वारही पडली, पण रक्त थांबेना. पोटावर हात ठेवून बघितले तर गर्भाशय घट्ट होते. म्हणजे कुठे तरी फाटले होते. कुठे, ते बघायला उजेड हवा. मी बॅटरी लावली. ती लागली आणि विझली. एका हाताने कापडाची घडी दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने दिराच्या मालाला मांडीवर आपटायचे, असे माझे चालले होते. त्या दिवशी तीन काय, तीस वेळा आपटूनही ती लागली नाही.

धनुबाई तिच्या बोलीत म्हणाली, “उजेडच पाहिजे ना?” आणि बाहेर गेली. मला वाटले, चूल पेटवून पलिता आणेल. थोड्या वेळाने माझ्या डोक्यावर खरडल्याचा आवाज आला. साठीला टेकलेली बाई छपरावर चढून कौले काढत होती.

उखा ओरडला, “घर मोडते का माझं?”

वरून धनुबाई म्हणाली, “कौलं उद्या लावशील. आत जा, तिचे पाय धर.”

उन्हाचा पट्टा आत पडला. आम्ही गोधडीसकट बाईला त्या पट्ट्यात ओढले. जखम दिसली. तिथे घडी घट्ट दाबली आणि ती तशीच दाबून मी जीपमध्ये तळोद्यापर्यंत बसले, तिथून नंदुरबारपर्यंत. नंतर दोन दिवस माझा उजवा हात वर जात नव्हता. उखाची बायको वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदनचे वडील ती बॅटरी घेऊन नवलच्या दुकानात गेले आणि पाच मिनिटांत तिथून निघाले. काय बोलले ते मला सांगितले नाही. चार शब्दांत भागत असेल तर पाचवा शब्द काढायचा नाही, असा त्यांचा स्वभाव होता.

कलम ६. माझ्या उशाशी बोटभर लांबीची, एका सेलची काळी बॅटरी आहे. ती धनुबाईला द्यावी. काजलला पर्समध्ये ठेवायला अशीच एक घ्यायची आहे. घेताना काय बघायचे, हे या घरात मला विचारणारी ती पहिली व्यक्ती, म्हणून तिच्यासाठी सविस्तर लिहिते.

ही मी तळोद्याला प्रेमचंद जैन यांच्या दुकानात निवडली. हे दुकान नवलरावांच्या दुकानाच्या बरोबर समोर होते, याला माझा इलाज नव्हता. मी प्रेमचंदभाईंना म्हटले, “असतील तेवढ्या सगळ्या काढा, आणि मला तुमच्या गोदामात नेऊन दार लावून घ्या.” ते जरा दचकले. म्हणाले, “बाई, बॅटरी घ्यायला आलात की तपासणीला?”

नऊ बॅटऱ्या होत्या. पहिली परीक्षा खिशाची. जी एप्रनच्या खिशात बसत नाही ती घरी राहते, आणि घरी राहिलेल्या बॅटरीचा उजेड डोंगरात पडत नाही. तिथे चार बाद झाल्या. दुसरी परीक्षा दातांची. दोन्ही हात कामात असले की बॅटरी दातात धरावी लागते. एक इतकी जड की माझा जबडा दुखला. तिसरी, बटण. हात तेलाने माखून बघितले. प्रेमचंदभाईंनी तेल स्वतः आणून दिले, तोवर त्यांनाही रस आला होता. एकीचे बटण सटकत होते. दुसरीला पाच प्रकारचे उजेड होते आणि हवा तो येईपर्यंत बाकीचे चार बघावे लागत. एकीला चार्जर होता. मी विचारले, “वर वीज कुठे आहे?” त्यांनी ती परत खोक्यात ठेवली. उरली ही एक. आत साधा सेल, जो कुठल्याही पाड्यावरच्या दुकानात बिस्किटांशेजारी मिळतो. उजेड स्वच्छ, पण डोळ्यात सुई खुपसल्यासारखा नाही. कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर तीन वेळा टाकली. तिसऱ्या वेळी प्रेमचंदभाईंनी डोळे मिटून घेतले. ती लागलेलीच होती.

मी घरी पोचण्याच्या आत बातमी पोचली. कुंदनचे वडील ओट्यावर उभे होते.

“नवलना दुकानमान बॅटऱ्या सरी गयात का?”

“सरी नही गयात,” मी म्हटले, “मरी गयात.”

ते त्या रात्री जेवले नाहीत. नवलराव आमच्या घरी यायचे थांबले. दिवाळीला फराळ यायचा तो भावाच्या नावाने, माझे नाव वगळून. भाऊ गेला तेव्हाही ते फाटकाबाहेर उभे राहिले आणि तिथूनच स्मशानात गेले. सख्ख्या दिराचे दुकान सोडून समोरच्याकडून बोटभर वस्तू घेतली, म्हणून सतरा वर्षांचा रुसवा! एवढा टिकाऊ माल त्यांनी दुकानात ठेवला असता तर धंदा बसला नसता.

कलम ७. कुंदनने दर दिवाळीला आणलेल्या एकूण अकरा बॅटऱ्या त्याला परत द्याव्यात. त्यात एक मोटारीची काच फोडायची आहे. आमच्याकडे मोटार नाही. एकीचा उजेड मैलभर जातो. त्याने शेजाऱ्यांचा बैल दावे तोडून पळाला आणि मला हात जोडावे लागले. एक चालू करण्यासाठी मोबाईल लागतो. मोबाईलमध्येच बॅटरी असते, वेगळी कशाला, असेही कुंदनचेच म्हणणे आहे. त्याने एकदा मोबाईल दातात धरून दाखवावा.

कलम ८. माझे दहावे-तेरावे साधेपणाने करावे. भाषणे नकोत. मी किती प्रेमळ होते हे सांगायला कोणी उभे राहिले तर त्याला बसवावे. खोट्याला माझ्या पश्चात उत्तर देता येणार नाही.

कलम ९. वरची आठ कलमे लिहून झाल्यावर, गेल्या महिन्यात, नवलराव काठी टेकत माझ्या ओट्यावर आले. वय चौऱ्याहत्तर, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा. मला वाटले, घराच्या वाटणीचे बोलायला आले.

मी म्हटले, “या. भिंती मोजायच्यात का?”

ते बसले. पाणी दिले ते प्याले नाहीत. म्हणाले, “वहिनी, एक इचारू? ती डोंगरमानी बाई, उखानी बायको. तिन्हं पोरगं मंग कोनी वाढावं?”

मला प्रश्नच कळेना. “कोणी म्हणजे? तिनेच वाढवलं.”

“ती तं गयी व्हती ना?”

“कुठे गेली होती?”

मग हळूहळू उलगडले. त्या सकाळी कुंदनच्या वडिलांनी बॅटरी गल्ल्यावर ठेवली, म्हणाले, “बॅटरी बंद. बाई गयी,” आणि बॅटरी उचलून निघाले. त्यांना म्हणायचे होते, नंदुरबारच्या दवाखान्यात गेली. पाचवा शब्द त्यांनी काढला नाही.

“ती बॅटरी परत येल मालमानी व्हती,” नवलराव म्हणाले. म्हणजे गिऱ्हाइकाने बिघडली म्हणून परत केलेली. “माले माहीत व्हतं. घरनीच माणूस शे, चाली जाई, आसं वाटनं.”

माझ्या तोंडून आमची बोलीच आली. “मंग सतरा वरीस इचारं का नही?”

“हिंमत व्हयनी नही. दादानी नाव काढं नही, मी बी काढं नही. तुमना तोंडकडे कसं देखू?”

नोकरीत मी येणाऱ्या प्रत्येकाला विचारत असे, दुखणे कधीपासून आहे. दिराला एकदाही विचारले नाही. रुसवा आहे असे मीच ठरवले आणि सतरा वर्षे त्यावर चांगली वाक्ये तयार केली. त्यांतली काही वर आहेत.

मी धनुबाईला निरोप धाडला. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती उखाच्या बायकोला घेऊन जीपने खाली आली. नवलराव सकाळपासून ओट्यावर बसून होते. बाई धडधाकट, पायात जोडवी, हातात माझ्यासाठी डांगर. त्यांनी तिला जवळ बसवले, चांगल्या डोळ्याने नीट बघून घेतले.

“नाव काय बेटा तुन्हं?”

“कमल.”

नाव मला माहीत होते. बाळंतपणाची नोंद मीच केली होती. तरी या कागदात मी तिला पहिल्यापासून उखाची बायको म्हणत आले. तर तिचे नाव कमलबाई.

“तब्येत बरी शे ना?” त्यांनी विचारले. ती हो म्हणाली. त्यांनी परत विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तिने माझ्या कानाशी लागून विचारले, “हे डॉक्टर आहेत का?”

मी म्हटले, “नाही, दुकानदार.”

नवलरावांनी उपरणे तोंडाला लावले आणि बराच वेळ काढले नाही. धनुबाईने त्यांच्याकडे बघितले आणि तंबाखूची डबी पुढे केली.

सबब कलम ५ मी रद्द करते. ती बॅटरी भंगारात घालावी, पंगतीत आणू नये. घर, शेत व बाकीचे सर्व वर लिहिल्याप्रमाणेच राहील.

त्या दिवशी सगळे माझ्याकडे जेवले. नवलराव सतरा वर्षांनी या घरात ताटावर बसले, दोन भाकरी खाल्ल्या आणि भरितात मीठ कमी आहे म्हणाले. म्हणून माझ्या मिळकतीतून त्यांना काहीही देऊ नये.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले, साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्या देखत सही केली. वाचताना ते दोनदा हसले. त्याने दस्ताला बाध येत नाही.

लिहून ठेवणार : शीला गिरधर पाटील (सही)

साक्षीदार :
१. डॉ. हेमकांत चौधरी, रा. म्हसावद (सही). लिहून ठेवणार यांना आज तपासले. बुद्धी शाबूत, रक्तदाब थोडा जास्त.
२. मयंक प्रेमचंद जैन, रा. तळोदा (सही)

ठिकाण : म्हसावद
दिनांक : १४ डिसेंबर २०२५