पाठीला कळलेला खो

सातारा,
९ जानेवारी २०२५

प्रिय बनी,

नमस्कार. पाकिटावर पोलीस वसाहतीचा पत्ता बघून घाबरू नकोस, हे समन्स नाही. मी क्रांती. रहिमतपूरजवळच्या आपल्या शाळेतली, खो-खोच्या संघातली, दोन वेण्या घालून तुझ्या शेजारच्या चौकोनात बसणारी. आता साताऱ्यात हवालदार आहे आणि दोन वेण्या पडतील एवढे केस उरलेले नाहीत. घरी सगळे बरे आहेत. जयराज बारावीला आहे, म्हणजे अभ्यास मी करते आणि तो झोपतो. त्याचे वडील फौजेतून सुटून आलेत आणि दिवसभर घरात हुकूम सोडत असतात, ऐकायला कुणी नसतं. माझ्या बाबांचे गुडघे गेले, पण मिशा सुभेदाराच्याच आहेत. तुझ्याकडची माणसं, मेंढरं, सगळी खुशाल असतील.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तू म्हणशील. तुझा नंबर मिळवला होता. तीनदा लावला आणि रिंग जायच्या आत तीनदा कट केला. चोरट्यांना दरडावून बोलणारी बाई मी, पण तुझ्या नंबरापुढं माझी बोबडी वळते.

तर आधी आनंदाची बातमी. आपल्या शाळेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं की शाळेच्या जुन्या खेळाडूंचा आणि खेळ शिकवणाऱ्यांचा सत्कार आहे. सभागृहात कायमचा फलक लागणार आहे, त्यावर सगळ्यांची नावं. कुस्तीतले आहेत, थाळीफेकीतला नानासो आहे, आणि छप्पन्न किलोच्या गटात जिल्हा गाजवलेला आपल्या वर्गातला हरिबा आहे. तो आता दीडशे किलोचा झालाय, त्याला फलकावर जागा जास्त लागेल. पण पहिला मान आपल्या केरबा मुळीक सरांचा आणि शहाण्णव सालच्या मुलींच्या खो-खो संघाचा. राज्यात दुसरा नंबर. त्यानंतर आजवर तेवढं कुणी शाळेला आणून दिलेलं नाही.

सर ऐंशीचे झाले. काठी आली, पण कडक इस्त्रीचा सदरा सुटला नाही. तुला आठवतं ना, पहाटे आपण मैदानावर पोचायच्या आधी त्यांनी फक्की टाकून रेघा मारलेल्या असायच्या. खांबाला बाभळीचं लाकूड ते स्वतः तासायचे. घरच्या म्हशीचं दूध किटलीतून आणून वसतिगृहातल्या मुलींना पाजायचे आणि वर म्हणायचे, "उरलं हुतं म्हणून आणलं." तुझ्या आबांनी तुला शाळेतून काढून मेंढरांबरोबर न्यायचं ठरवलं होतं, तेव्हा सर चालत चालत शिवारातल्या तुमच्या वाड्यावर गेले होते. मेंढरांच्या मधोमध उभं राहून म्हणाले, "तात्याबा, मेंढरं तुमची, पोरगी शाळेची." तुझे आबा हसले आणि तू राहिलीस. एवढं करून सरांना आजवर कुणी एक नारळ दिलेला नाही. या माणसाचा सत्कार आपल्या हयातीत होतोय, मला लय आनंद झाला होता.

झाला होता असं लिहिलं, कारण सरांनी सत्कार घ्यायचं नाकारलंय.

मी समितीत आहे. निमंत्रण आणि फलकाचा मसुदा घेऊन गेल्या रविवारी त्यांच्याकडं गेले. त्यांनी चष्मा लावून आपल्या संघाची नावं बोट ठेवून वाचली. मग परत पहिल्यापासून वाचली.

"क्रांते, ही आठ हाईत."

"व्हय सर."

"आठजणी तर बसलेल्या असत्यात. पळणारी कुठाय?"

बनी, खो-खोत मैदानावर नऊ गडी असतात हे मला कुणी शिकवायला नको. आठ बसतात, एक धावते. मी म्हणाले, "सर, नजरचुकीनं बनीचं नाव ऱ्हायलं."

"नजरचुकीनं," ते म्हणाले. कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली. "बरं. नजरचूक दुरुस्त झाली की सांगावा धाड. तवर माझा सत्कार ऱ्हाऊ दे."

इकडं शाल-श्रीफळासाठी लोक ओळखी काढतात, आणि हा म्हातारा दारात आलेली शाल माघारी धाडतो. मी गाडीला किक मारली तरी ते ओट्यावरच उभे होते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी नाव दुरुस्त केलंय. नुसतं दुरुस्त नाही, सगळ्यांच्या वर घेतलंय. तर तू यायचंस. सरांना शाल तुझ्या हातून द्यायची असं मी समितीत मांडलं आणि सगळ्यांनी मान्य केलं. एस.टी.नं यायचं असेल तर विट्यावरून ये, मी स्टँडवर गाडी घेऊन उभी राहते. झालं, पत्र इथं संपायला हरकत नव्हती.

पण मी वीस वर्षं लोकांचे जबाब लिहून घेतेय. माणूस पहिल्या दोन पानांत गाव, शेत, पाऊस, मेव्हणा सगळं सांगतो. मग पेन खाली ठेवून आपण विचारायचं, "अजून काय?" खरं तिथून पुढं असतं.

यादी मीच टाइप केली होती. तुझं नाव नजरचुकीनं राहिलं नव्हतं. तुझ्या नावापाशी माझी बोटं थांबली, चांगली पाच मिनिटं, आणि मग पुढच्या नावावर गेली. तू आलीस तर व्यासपीठावर तुझ्या शेजारी बसावं लागेल, एवढाच विचार होता. कुणी विचारलं तर सांगायला कारण तयार होतं, ते गावानं केव्हाच तयार करून ठेवलंय. "ती व्हय, फायनलला खो द्यायला इसारली ती." आजही आपल्याकडं कुणी वेळेवर बोललं नाही की म्हणतात, "बनीवानी गप का?" ज्यांनी तुला पाहिलंसुद्धा नाही ती पोरंपण म्हणतात. तुझ्या कानावर हे आलंय की नाही मला माहीत नाही. आलं नसेल तर माझ्यामुळं आज आलं, त्याचीही माफी माग म्हणालीस तर मागते.

तुला मी महिन्यापूर्वी पाहिलं. तू मला पाहिलं नाहीस, कारण मी दिसू दिलं नाही. सांगलीत शालेय स्पर्धांना बंदोबस्ताला आम्हाला साताऱ्याहून बोलावलं होतं. मैदानाच्या कडेला चहा पीत होते आणि कानावर आवाज आला, "खो दी गं मोठ्यानं! कुपवाडच्या कारखान्यात ऐकू जाऊ दे!" चहा अर्धा सांडला. हिरव्या कपड्यातल्या तुझ्या मुली, आणि पदर खोचून रेघेबाहेर उभी तू. अगं, काय मुली आहेत तुझ्या! सूर मारताना कोपरं फुटतात, पण एकही पुसत बसत नाही. आणि खो असा देतात की पंचसुद्धा दचकतात. ती बुटकी कप्तान, उत्कर्षा ना तिचं नाव, तिच्याशी मी डावांच्या मधल्या सुट्टीत नळावर बोलले. म्हटलं, "एवढं वरडाय कुणी शिकवलं?"

"बनाबाई मॅडमनी. आमाला हिरीच्या काठावर उभं करत्यात आन पल्याडच्या शेतातनं माणसानं हात वर केल्याबिगर सोडत न्हाईत."

"का गं?"

"मॅडम म्हंत्यात, नंतर कुणी म्हनाय नको, ऐकू आला न्हाई म्हनून."

मी पोलिसांच्या गाडीमागं जाऊन उभी राहिले. टोपी काढली. सामना संपेपर्यंत तिथंच होते. तुम्ही जिंकलात. मला इतका अभिमान वाटला की तो वाटायचा मला काय हक्क, असं लगेच वाटलं. पगार नाही, मैदान नाही, पडीक रानात दोन खांब पुरून तू हे उभं केलंस, हे त्या मुलींच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं. सरांनी आपल्यासाठी केलं ते तू जसंच्या तसं पुढं नेलंस. मी सरांकडून काय घेतलं? खेळाडू म्हणून नोकरी.

आता शहाण्णव सालचं लिहिते. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण जबाब पूर्ण लागतो.

शेवटचा डाव. आपण एका गुणानं मागं. एक गडी बाद झाला की बरोबरी आणि जादा डाव, आणि जादा डावात तुला रोखणारं त्या मैदानावर कुणी नव्हतं. मोजून अर्धं मिनिट राहिलेलं. त्यांची ती उंच मुलगी तुला हुलकावणी देऊन माझ्या चौकोनासमोरून निघाली, माझ्यापासून दोन पावलांवर. तू मागून आलीस. हलगी वाजत होती, गाव ओरडत होतं, बाबा सुट्टी काढून वर्दीतच आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते.

सर आपल्याला काय करायला लावायचे आठव. डोळ्यांवर रुमाल, कानात कापसाचे बोळे, आणि मागून कुणाचा हात पडला ते ओळखायचं. "कानावर इश्वास ठेवू नगा, गर्दीत कान फसत्यात. पाठीला कळाय पायजे." तुझा हात ओळखायला सगळ्यांत सोपा. मेंढरांची लोकर काढायची कातर धरून धरून तुझ्या अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडला होता. मी तुझा हात एकदाही चुकले नाही.

त्या दिवशी तो घट्टा माझ्या पाठीवर बसला. आणि बनी, खोसुद्धा ऐकू आला. दोन्ही कानांनी ऐकू आला.

मी उठले नाही.

पायाला मुंग्या आल्या नव्हत्या. मी घाबरले. उठले आणि ती निसटली तर बाबांच्या देखत माझ्यामुळं हरलो असं होईल, एवढं एका क्षणात डोक्यात आलं आणि पाय जमिनीला चिकटले. तू दुसऱ्यांदा खो म्हणालीस तोवर शिट्टी झाली. सर धावत आले, "काय झालं गं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, हिनं खो दिलाच न्हाई. मला ऐकूच आला न्हाई."

सरांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "कानाला न्हाई आला. आन पाठीला?"

मी खाली बघितलं. तेवढ्यात बाबा आले, लोक आले, आणि पुढचं गावानं ठरवून टाकलं. राज्याच्या संघात मी निवडले गेले. खो विसरणारी मुलगी कुणाला हवी होती? परतीच्या ट्रकमध्ये तू माझा पाय मांडीवर घेऊन चोळत होतीस. "मुंग्या आल्या व्हत्या व्हय गं? व्हतं कवा कवा." तू मला कारण देत होतीस आणि मी ते घेतलं. दहावीनंतर तू परत आली नाहीस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या सगळ्या जबाबातलं सगळ्यांत वाईट वाक्य हेच आहे.

तुला माहीत होतं, हे मला माहीत आहे. सरांनाही. तुम्ही दोघांनी अठ्ठावीस वर्षं माझी वाट बघितली आणि कुणाजवळ एक शब्द काढला नाहीत. सरांपेक्षा मोठं माणूस मी पाहिलं नाही असं मी सगळीकडं सांगत फिरते, त्यात आता दुरुस्ती करावी लागेल. दोन आहेत.

सव्वीस तारखेला संघाच्या वतीनं चार शब्द मी बोलायचे आहेत. चारच बोलणार आहे. खो मिळाला. उठले नाही. गावासमोर, बाबांसमोर, जयराजसमोर. काल बाबांना आधीच सांगितलं. ते मिशांवरून हात फिरवत म्हणाले, "त्या दिवशी मी यायलाच नगं हुतं." मी म्हणाले, "न्हाई बाबा, तुमचा काय दोष? मीच उठाय पायजे हुतं." नंतर सरांकडं गेले, त्यांनाही सांगितलं. त्यांनी नवा कागद घेतला, नऊपर्यंत मोजलं आणि म्हणाले, "आता येतो."

तू आलीस तरी मी बोलणार, नाही आलीस तरी बोलणार. तुला भरीला घालायला हे लिहिलेलं नाही. मनात राग असेल तर तो घेऊन ये, आणि यायचंच नसेल तर माझी तक्रार नाही. पण आलीस तर त्या हिरव्या मुलींना घेऊन ये. सगळ्या पंधराजणींची जेवायची आणि राहायची सोय माझ्या घरी.

आणि एकच मागणं आहे. माझे पाय कसले आहेत ते मला ठाऊक आहे. नाव पुकारतील तेव्हा परत चिकटायला कमी करणार नाहीत. तू माझ्या मागच्या खुर्चीवर बस. नाव आलं की पाठीवर हात ठेव. तोंडानं काही म्हणू नकोस, मला कळेल.

तुझा खो पोचलेली,
क्रांती