तारा काढायच्या आत

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गेल्या आठवड्यात जतपलीकडच्या एका लहान दवाखान्यात जे पाहिलं ते आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. आम्ही ईसीजी वाचणारा प्रोग्रॅम केलाय. छातीला तारा लावायच्या, कागदावर उमटते तीच नागमोडी रेघ कॉम्प्युटर वाचतो आणि झटक्याची लक्षणं असली तर सांगतो. तिथे हृदयाचा डॉक्टर नाही, त्यामुळे पेशंट सांगलीला हलवायचा की नाही ते त्यावरून ठरतं. ऑफिसात प्रोग्रॅम छान चालायचा. दवाखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मात्र इतका रेंगाळायचा की तिथली नर्स म्हणाली, "ताई, तवर माणूस सांगलीला पोचंल की." ऑफिसातले म्हणाले, त्यांना नवा कॉम्प्युटर घ्यायला सांगा.

तेव्हा कॉलेजातली तुमची कॉम्प्युटर लॅब आठवली. सांगलीतली ती दुपार, डोक्यावर करकरणारा पंखा, आणि मी तुमच्यापुढे उभी. कॉलेजातल्या सगळ्या मुलांची नावं शोधून देणारा माझा प्रोग्रॅम अडकून बसलाय. मी म्हणते, "मॅडम, मशीनच जुनं आहे." वर्गात तुम्ही पुस्तकी बोलायचात, पण चिडलात की तुमच्या कुंडल गावचं बोलणं वर यायचं. "अगं, मशीनला काय नावं ठेवतीस? त्याला परत परत पयल्यापासनं का पळवतीस ते सांग." मग शेजारी बसवून डब्यातली भाकरी मोडून अर्धी मला दिलीत आणि म्हणालात, आता तूच मशीन हो, एकेक ओळ करून बघ. भाकरी संपायच्या आधी कळलं: प्रत्येक नावासाठी मी सगळी यादी नव्याने क्रमाने लावायला सांगत होते. ते काढलं, कळ दाबली, आणि बोट उचलायच्या आत नाव समोर. तुम्ही चष्मा काढून पडद्याकडे बघत राहिलात, देवळात बघावं तशा.

यावेळीही मी तसंच केलं. मशीन होऊन ओळी वाचत गेले. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासाठी आमचा प्रोग्रॅम सगळी रेघ परत सुरुवातीपासून वाचत होता. एकदा वाचलेलं त्याला लक्षात ठेवायला लावलं. जुन्या पेशंटांच्या ईसीजींवर पडताळलं, उत्तरं तीच आली.

त्या सकाळी मी तो दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर बसवून उठतेय तोवर एका मेंढपाळाला त्याची बायको धरून आत घेऊन आली. घामाने निथळत होता. "छातीवर लय जड वाटतंय," एवढंच बोलला. नर्सने तारा लावल्या, रेघ घेतली, आणि ती तारा काढायला वाकते तोच पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

"आवं, झालं बी?" बायकोने विचारलं.

"झालं मावशी. सांगलीला न्यायचंय, आत्ताच," नर्स म्हणाली.

अँब्युलन्स दारातच होती. सांगलीला त्याची बंद झालेली रक्तवाहिनी वेळेत उघडली. तो आता घरी आहे.

कॉम्प्युटर तोच होता, मॅडम, तसाच धुळकट, अक्षरं पुसलेल्या कळांचा. एवढी धाव त्याच्यात पहिल्यापासून होती आणि आम्ही त्याला म्हातारा म्हणत होतो. 

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. लाल अक्षरं उमटली तेव्हा त्या माणसाचा चेहरा कसा झाला होता, असं ऑफिसात सगळे विचारतात. मला सांगता येत नाही. मी पडद्याकडे बघत होते.