सिस्टरच्या सोबतीची पाळी

गुरुजी,

तुमची मुलगी गेल्या वर्षी वारली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली आहेत की हे कळवण्यात काही अर्थ नाही, हे मी जाणतो. तरीही प्रथम तेच कळवणे मला योग्य वाटते. संध्याकाळी तिच्या छातीत दुखू लागले. आरोग्य उपकेंद्राला कुलूप होते, कारण सिस्टर शेवटच्या एस.टी.ने चिखलीला परत जात असे. आम्ही जीपने निघालो आणि वाटेतच सर्व संपले. सिस्टर गावात असती तर ती वाचली असती, असे डॉक्टरांनी म्हटले नाही आणि मीही म्हणणार नाही. मात्र सिस्टरने गावात मुक्कामी राहावे, ही मागणी महिला ग्रामसभेत तीच सातत्याने मांडत होती.

तेरवी झाल्यानंतर गावातील तरुण मंडळी माझ्याकडे आली. उपकेंद्राला टाळे ठोकायचे, असे त्यांनी ठरवले होते. "सर, तुमी फक्त पुढं उभे राहा. कुलूप आमी लावतो." शेजारच्या वहिनी ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारले, "कुलूप काऊन लावता बे? संध्याकाळी त ते लागतेच. आता दुपारीही लावा, मंग लेकरांचे डोस घ्याले आमी उंद्रीले जातो पायी." मुले हसली, पण निघताना माझ्यावर नाराजच होती. माझ्या घरात मृत्यू झालेला असताना मी विचारासाठी वेळ मागतो, हे त्यांना पटले नाही. खरे सांगायचे तर मलाही पुरते पटले नव्हते.

तेव्हा मला तुमच्या स्वयंपाकघरातील एक सकाळ आठवली. मी नुकताच महाविद्यालयात रुजू झालो आहे, लग्नालाही फार दिवस झालेले नाहीत. शाळेच्या गळक्या छपराविषयी पंचायत समितीला द्यायचे निवेदन मी मोठ्या अभिमानाने तुम्हाला वाचून दाखवतो आहे. तुम्ही पाटावर बसून भाकरी कुस्करत शांतपणे ऐकता आणि म्हणता, "जावईबापू, साहेबाचं काय चुकलं ते सगळं आलं. साहेबाले काय करता येते, ते कुठं हाये? अन त्याचं अडते कुठं, ते त्याले विचारलं काय?" तुमची मुलगी चुलीपाशी हसू दाबते. "बाबा, हळू. ते प्रोफेसर हायेत आता." त्यावर तुम्ही म्हणता, "म्हणून त कान नाही धरला. ज्याचे कान धरले, त्याचेच लग्नात पाय धुवाले लागले मले." दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन अभियंत्यांना भेटायला गेलात आणि सोबत निवेदन नेले नाही.

म्हणून मी सिस्टरला भेटलो आणि तिची अडचण विचारली. ती घाबरली, ही चौकशी आहे असे तिला वाटले. "लेखी द्यावं लागते काय, सर?" मी नाही म्हटल्यावर ती बोलू लागली. क्वार्टरमध्ये पाणी नाही, मागचे दार लागत नाही. "अन ते सगळं करून देलं तरी नाल्याकडच्या त्या घरात रातच्याला एकटी बाई कशी राहीन? तुमची लेक ठेवली असती काय तुमी?"

पुढच्या ग्रामसभेला आम्ही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना बोलावले आणि सिस्टरच्या अडचणी तिच्या वतीने मांडल्या. नळजोडणी ग्रामपंचायतीने स्वीकारली. चर खोदण्याचे काम टाळे ठोकायला निघालेल्या मुलांनीच अंगावर घेतले. दार आरोग्य विभागाने बसवायचे ठरले. (ते बसायला पुष्कळ उशीर झाला. त्यासाठी मला बुलढाण्याला खेपा घालाव्या लागल्या, हेही नमूद करतो.) तिसऱ्या अडचणीवर अधिकारी प्रामाणिकपणे म्हणाले, "सोबतीसाठी आमच्याकडे तरतूद नाही." वहिनी उभ्या राहिल्या. "सोबतीले कायची तरतूद, साहेब? कोणाचा नवरा गावाले गेला त शेजारीण झोपाले येतेच ना. तसंच सिस्टरपाशी येऊ, पाळीपाळीनं. फक्त घोरलं म्हणून सुई टोचू नका म्हणा तिले." सारी सभा हसली, सिस्टरही हसली. आता ती गावातच राहते. परवा पहाटे एका बाळंतिणीला तिने वेळेत दवाखान्यात पोहोचवले.

हे पत्र मी घडी घालून कपाटात ठेवणार आहे, त्यामुळे एक गोष्ट लिहायला हरकत नाही. त्या सभेत सोबतीच्या पाळ्या मीच लावत होतो. गल्लीतील एकेका घराचे नाव घेऊन, तिथून कोण येईल असे विचारत होतो. आमच्या घराची वेळ आली तेव्हा मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, "आमच्याकडून ही येईल."

मग वहिनी म्हणाल्या, "सरच्या घरची पाळी माह्याकडं. पुढचं घर घ्या, सर." मी पुढचे घर घेतले.

बोलण्याच्या ओघात माझ्या तोंडून तसे निघून गेले, असे लोकांना वाटले. तसे नव्हते, गुरुजी. त्या क्षणी ती घरी आहे, असेच मला वाटत होते.