मायचं शेवटचं कडवं

एकोडी,
ता. १२ जानेवारी १९७९

धाकट्या गिरजेले थोरल्या शकुनचा आशीर्वाद.

इकडं सगळे बरे आहेत. तिकडं तुम्हीही बरे असाल. नसाल तर तसं कळवत जा व. मागच्या पत्रात तू अगदी खुशाल होतीस, आणि तुमच्या अड्याळच्या बाजारातून आलेली कुंताबाई सांगते का तुझा गुडघा सुजून भोपळा झाला. मले लपवून तुले काय भेटते?

आमचं धान चुरून झालं. बांधीत लाखोळी निळी फुलून राहिली. म्हैस आटली. ईश्वरले साकोलीले काम लागलं, सकाळी सायकलनं जातो, दिवे लागता येतो. त्याच्याकडून पत्र लिहून घेतलं असतं, पण त्याचं अक्षर त्याले स्वतःलेच वाचता येत नाही.

म्हणून हे पत्र त्याची बायको, माझी नातसून, लिहून राहिली. रुखमिणी, मोहाडीची. दहावीपर्यंत शिकली आहे. आता मले जे सांगायचं ते हिच्याबद्दलच आहे, अन् लिहायचं बी हिनंच. मी आधीच बजावलं, "सांगीन तसं लिहायचं, एक शब्द गाळायचा नाही." तर म्हणते, "बरं आजी." तिचं हे "बरं आजी"च मले सहन होत नाही, गिरजे. भांडायले जागाच ठेवत नाही.

तिचा गळा चांगला आहे. लिही, चांगला आहे असंच लिही. इतका काही चांगला नाही. पण आमच्या भजनमंडळातल्या बायांले कोण सांगन? सत्यभामाबाई, जिचे केस माझ्या केसांसंगं पिकले, जी माझ्या तोंडाकडं पाहूनच टाळ उचले, ती आता हिच्या तोंडाकडं पाहते. मी गाणं सुरू केलं का बाया गातात. हिनं सुरू केलं का बाया डोलतात. माझ्या भजनात कोणी डोललं असन तर ते झोपेनं.

अजून ऐक. आपल्या मारुतीच्या देवळाचा ओटा तुले माहीत आहे. आम्ही ओट्यावर बसत होतो अन् गावाबाहेरच्या टोलीवरच्या बाया खाली कडुलिंबाजवळ उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांले कोणी हाकललं नाही, अन् कोणी बोलावलंही नाही. ही लग्न होऊन आली, पहिल्याच गुरुवारी टाळ घेऊन उतरली खाली, बसली त्यांच्यात. म्हणते, "इथं वारा चांगला आहे." थंडीच्या दिवसात! मग बाकीच्या एकेक करून उतरल्या. शेवटी ओट्यावर मी अन् मारुती दोघंच राहिलो. मारुतीले उतरता येत नव्हतं, मले उतरावं लागलं.

मी त्याले नाही म्हणत नाही. देवाचं नाव घ्यायले कोणाची परवानगी लागते? पण गाणं मागायले जो येईन त्याले ही देऊन मोकळी. चिंचेच्या झाडाखाली पोरं येतात तशा बाया येतात आमच्या अंगणात. मी म्हटलं, "अवं, जरा हात राखून देत जा." तर म्हणते, "आजी, गाणं देवाचंच आहे ना?" म्हटलं, "देवाचंच आहे, पण ठेवायले माझ्याकडं दिलं."

तुले आठवते ना, रोवण्यात चिखलात वाकून मायनं आपल्या दोघींले गाणं दिलं होतं? आमच्या मंडळात ते शेवटी घेतात. बाकी कडवी सगळ्या म्हणतात, शेवटचं एकट्या थोरलीनं म्हणायचं, बाकीच्यांनी टाळ खाली ठेवून ऐकायचं. ते कडवं मी कोणाले दिलं नाही. त्याच्याशिवाय भजन उठत नाही, अन् माझ्याशिवाय ते कडवं नाही.

परवा एकादशी झाली. भजन चांगलं झालं. प्रसादाले शेंगदाणे अन् गूळ होता.

बरं, एक काम आहे. मायचं ते शेवटचं कडवं तुझ्या टेकचंदकडून लिहून घे अन् पाठव. माझ्यासाठी नाही. तुले अजून येते का नाही, ते पाहावं म्हटलं. मात्र माघातल्या सप्ताहाच्या काल्याआधी पाठव.

रुखमिणीचा हात थांबला. काय पाहतेस? लिही.

बरं, ऐक. एकादशीले कडवं आलं नाही. बायांनी टाळ खाली ठेवले, मी तोंड उघडलं अन् आत काहीच नाही. रिकामी कणगी. रुखमिणीनं तेवढ्यात टाळ उचलून पुन्हा ध्रुपद धरलं. बाया तिच्यामागं. पुन्हा धरलं, पुन्हा धरलं, मले वेळ मिळावा म्हणून. नाही आलं. शेवटी सत्यभामाबाईनंच आरती लावली. भजन अर्ध्यातच उठलं.

आता खरी गोष्ट. काल सकाळी ही अंगणात सडा टाकता टाकता गुणगुणून राहिली होती. शब्द ऐकू आले नाही, पण चाल वर चढली अन् मी ओळखलं. शेवटचंच कडवं. मले पाहिलं अन् गप्प झाली. म्हणजे हिले येते! येत होतं अन् म्हटलं नाही. हिनं म्हटलं असतं तर मी जळलीच असती. नाही म्हटलं तर त्याहून जास्त जळून राहिली. हिले विचारण्यापेक्षा तुले अड्याळले पत्र टाकलेलं बरं, असं वाटलं.

हे सांगितलं अन् पोरीनं पेन खाली ठेवला. मान खाली घालून हळूच म्हणायले लागली. मग मीच म्हटलं, आता हे बी लिही:

दार नाही घराले, कडी लावू कशाले,
शेवटून आला त्याले, आधी ताट.

गिरजे, तेच आहे. मायचंच.

म्हटलं, "कुठून शिकली व?"
"तुमच्याकडूनच, आजी. पहाटे झोपेत म्हणता."
घे. जागेपणी जपलं अन् झोपेत वाटून टाकलं.
"मग एकादशीले काहून म्हटलं नाही?"
"ते तुमचं होतं."

जी जगाले गाणी वाटते, तिनं हे एक कोणाले दिलं नाही.

तर आता तू कडवं पाठवू नको. गुडघ्याचं काय झालं ते पाठव, अन् चालता येत असन तर काल्याले ये. मी गाणं सुरू करीन. शेवटच्या कडव्याशी आली का मले खोकला येईन. मोठा. थांबणार नाही असा. मग ज्यांले येते त्यांनी उचलावं, टोलीवरच्यांनी बी. पण हे रुखमिणीले सांगू नको. तिले खरंच वाटलं पाहिजे का म्हातारी अडली.

लिहून राहिली अन् हसून राहिली. तुले नाही सांगितलं व, गिरजेले सांगितलं.

खाली अंगठा माझा आहे. त्याच्या बाजूले हिचं नाव येऊ दे म्हटलं. बारीक अक्षरात.

तुझी थोरली,
शकुन